मोटार बसली

इंदिरानगर, नाशिक
मंगळवार, २२ एप्रिल

प्रिय दिशा,

पाकीट हातात पडल्यावर तू आधी पानं मोजशील, मला माहीत आहे. चार आहेत, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, आणि एक पाचवं पान टाचणीने जोडलेलं आहे, ते सगळ्यात शेवटी बघ. आमच्या सेंटरवरचा मयूर उद्या दुपारच्या गाडीने पुण्याला येतोय, त्याच्या हाती देतोय. म्हणजे बुधवारी संध्याकाळी तुला मिळेल आणि मधला गुरुवार पूर्ण तुझ्याकडे राहील. शुक्रवारी साडेअकराला तुला कंपनीतल्या वरच्या लोकांपुढे उभं राहून नवसाबाईंच्या तक्रारीबद्दल उत्तर द्यायचंय, आणि ते त्यांना पटलं नाही तर नोकरी जाणार, हे मला तुझ्या आईने सांगितलं. तू सांगितलं नाहीस. कसं सांगशील? सात तारखेनंतर आपण बोललेलोच नाही, आणि सात तारखेला जे बोललो त्यात बोलणारा मी एकटाच होतो. या पत्रात तुला माहीत असलेल्या बऱ्याच गोष्टी मी पुन्हा पहिल्यापासून लिहिणार आहे. कंटाळू नकोस. त्याला कारण आहे, ते शेवटी येईल.

पेठ रोडच्या सेंटरवर मी सव्वीस वर्षं फोन घेतला. पाण्यातल्या मोटारी विकणारी कंपनी, आणि बिघाड झाला की शेतकऱ्याने फोन करायचा तो माझ्या टेबलावर. नाशिक रोडला गोटीराम मिस्त्रींकडे जळक्या मोटारींच्या तारा उकलत उकलत मी हे काम शिकलो, आयटीआयचा कागद माझ्याकडे कधीच नव्हता. कंपनीची इंग्रजी पुस्तकं शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. पण फोन घेण्यात मला कुणी हरवलेलं नाही, हे मी आजही म्हणेन. समोरचा म्हणे 'मोटार गुरगुरती', की मी विचारी, चालू करताना की चालू झाल्यावर? 'पाणी ओढत नाय' म्हणाला की आधी पाइप किती फूट खाली सोडलाय ते विचारायचं. दोन प्रश्नांत बिघाड कळायचा, तिसऱ्यात कोणतं सामान घेऊन कुणी जायचं ते ठरायचं. आमचा फोन नंबर मळ्यामळ्यांतल्या पंपाच्या खोल्यांवर चुन्याने लिहिलेला होता. त्याखाली कंपनीचं नाव क्वचितच असायचं. 'शेखरभाऊ' एवढंच.

जानेवारीत ते टेबल बंद झालं आणि मला काउंटरवर बसवलं. आता तक्रार व्हॉट्सॅपवर. जुना नंबर लावला तर एक बाई सांगते, सुरुवात करण्यासाठी या क्रमांकावर 'हाय' असा निरोप पाठवा. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवायचं. यंत्र ते ऐकतं, त्याचे शब्द करतं आणि ते शब्द आपल्या यादीत शोधतं. यादीप्रमाणे तो निरोप तक्रारीच्या रकान्यात जातो, चौकशीच्या, किंवा नवी मोटार बसवल्याची नोंद करायची त्या बसवणीच्या. पुढचं उत्तर त्या रकान्यावर ठरतं. ती यादी आणि ती सगळी उत्तरं कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयात तू मराठीत लिहिलीस. माझ्या टेबलाच्या जागी माझीच मुलगी आली, हे मी सेंटरवर कुणाला सांगितलं नाही. अभिमान नव्हता असं नाही. पण जागा गेल्याचा सल अभिमानापेक्षा मोठा होता, हे आज लिहून टाकतो. मी त्या व्यवस्थेतल्या उणिवा शोधत बसलो. एक गोष्ट मात्र मला तेव्हाही दिसली होती आणि मी ती दडवली. माझ्या सव्वीस वर्षांच्या वह्या काढून बघ, फोन करणाऱ्या बायका शंभरात चारसुद्धा नाहीत. मोटार बाई चालवायची, फोन नवरा किंवा दीर करायचा, आणि बिघाड चुकीचा सांगायचा. आता बायका स्वतः बोलतात. फेब्रुवारीत नवसाबाईंनाच मी विचारलं होतं, यंत्राशी बोलायला कसं वाटतं? त्या म्हणाल्या, "चांगलं हाय की. मधीच तोडत नाय तुमच्यावानी."

आता नवसाबाईंचं. नवसाबाई काकड, मातोरीच्या. घरचा मळा, भाजीपाला आणि शेवंती. शेवंतीची ती पिवळी जात त्यांच्या सासूने, अंबूबाईंनी, सांभाळलेली. बाजारात तिचं रोप मिळत नाही. दर वर्षी फुलं संपली की जुनी झाडं उन्हाळाभर पाण्यावर जगवायची, बुडाशी फुटलेल्या काशा एप्रिल-मेमध्ये काढायच्या आणि त्यांचीच पुढची लागण करायची. म्हणजे एक उन्हाळा पाणी चुकलं की जात संपली. २८ मार्चला, शुक्रवारी सकाळी, त्यांची मोटार बंद पडली. बोअरमध्ये वाळू आली होती, मोटार जाम झाली. घेऊन आठच महिने झालेले, हमीत होती, म्हणून त्यांनी बाहेरचा मिस्त्री बोलावला नाही. बाहेरच्याने उघडली की हमी जाते, हे मीच त्यांना सांगितलेलं. त्यांनी नीट, नियमाप्रमाणे, बोलून निरोप पाठवला. मी तो ऐकलाय. "मातोरीवरून नवसाबाई बोलते. आमची मोटार बसली. लवकर माणूस धाडा." उत्तर आलं: 'अभिनंदन! आपली मोटार बसली हे कळून आनंद झाला. हमीच्या नोंदीसाठी मोटारीवरील पाटीचा फोटो पाठवावा.' त्यांनी पाटीचा फोटो पाठवला. नोंद पूर्ण झाल्याचं उत्तर आलं, आणि माणूस येणार म्हणून त्या वाट बघत बसल्या. ३१ तारखेला पुन्हा निरोप. 'आपली मोटार बसल्याची नोंद आधीच झालेली आहे. धन्यवाद.' ४ एप्रिलला तिसरा निरोप, त्यावर सेवेला किती तारे द्याल असा प्रश्न.

सात तारखेला, सोमवारी, त्या सेंटरवर आल्या. तुला त्या आठवत असतील, लहानपणी तुझ्या ओच्यात मटाराच्या शेंगा ओतायच्या त्याच. काउंटरवर सात-आठ गिऱ्हाइकं होती. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे आपटला नाही, हळूच ठेवला. म्हणाल्या, "शेखरभाऊ, तुमची मोटार नुसती बसली नाय, माझ्या उरावर बसली. हाय म्हणा म्हणतं, म्हणलं हाय. पण काय हाय ते इचारतच नाय. वर इचारतं तारे किती देता. दिवसा दिसाया लागलेत, म्हणलं, त्यातले किती देऊ?" लोक हसले. त्या हसल्या नाहीत. दहा दिवस त्यांनी आणि त्यांच्या जावेने शेजारच्या विहिरीवरून हंड्याने पाणी आणून झाडं जगवायचा प्रयत्न केला होता, आणि त्यांच्या खांद्यावर चुंबळीवरून घसरलेल्या हंड्याचं खरचटलेलं होतं. शेवंतीचे बावीस वाफे होते. जगले दोन.

मी काय केलं ते तुला अर्धंच माहीत आहे. मोटार त्याच दिवशी काढायला माणूस पाठवला, ते बरोबर केलं. मग त्यांचे तिन्ही निरोप आणि तिन्ही उत्तरं मी जिल्ह्यातल्या सगळ्या विक्रेत्यांच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं: 'ज्यांनी कधी विहिरीत डोकावलेलं नाही त्यांच्या हाती शेतकऱ्याची तक्रार दिल्यावर हेच होणार. हे लिहिणाऱ्याला मराठीही येत नाही आणि मोटारही.' वाक्य मला आवडलं होतं. दोनदा वाचून पाठवलं. ते कुणी कुठे पुढे पाठवलं ते मला माहीत नाही, पण तीन दिवसांत ते मुख्य कार्यालयात पोहोचलं, आणि लिहिणारी कोण याचा शोध सुरू झाला. पाठवण्याआधी मी तुला फोन केला होता. तू 'पप्पा, एक मिनिट ऐका ना' असं दोनदा म्हणालीस. मी ऐकलं नाही. सव्वीस वर्षं ऐकण्याची नोकरी केलेला माणूस मी.

परवा रविवारी कपाटातला खालचा कप्पा उघडला. खरं कारण लिहितो: दिवाळीच्या आधी तू मला त्या यादीचे कागद तपासायला पाठवले होतेस, चौदा पानं, चारशे बारा ओळी, मला एवढं पडद्यावर वाचवत नाही म्हणून मुद्दाम छापून, आणि त्या तपासणीत मी किती चुका काढून दिल्या होत्या ते मला तुझ्या आईला दाखवायचं होतं. शेखर मंडलिकने सांगितलं होतं, ऐकलं नाही, हे सिद्ध करायचं होतं. मी पानं उलटत गेलो. आठव्या पानावर ओळ दोनशे बारा. तू लिहिलेलं: 'मोटार बसली, मोटर बसलीया, मोटार बसून गेली. अर्थ : जाम होऊन बंद. रकाना : तक्रार, तातडीची.' त्यावर लाल शाईची आडवी रेघ, पट्टीने मारलेली. शेजारी: 'चूक. बसली म्हणजे बसवून झाली. रकाना : बसवणी. बिघाडासाठी "मोटार जाम झाली" असे शुद्ध लिहावे.' खाली शे. का. मं. आणि १९ ऑक्टोबर. अक्षर माझं, सही माझी.

एक पळवाट शोधली, तीही लिहितो. वाटलं, कदाचित मी घाईत तपासलं असेल. पण मी घाईत काही तपासत नाही. शिवाय तुझा फोन आठवला. त्याच आठवड्यात तू मुद्दाम फोन केला होतास, "पप्पा, दोनशे बारा परत बघा ना. मातोरीला, मुंगसऱ्याला सगळे बसलीच म्हणतात. तुमच्याबरोबर गाडीवर यायचे तेव्हा मी हेच ऐकलंय." आणि मी म्हणालो होतो, "लोक म्हणतात म्हणून लिहायचं का? मग 'व्हतं'न् 'न्हवतं'पण लिही. तुला शिकवलं कशाला?" तू फक्त 'बरं' म्हणालीस. ते 'बरं' मी जिंकल्यासारखं ऐकलं.

तुला हे कधी सांगितलं नाही. कंपनीत लागल्यावर दुसऱ्या महिन्यात मी एका दुरुस्तीच्या अहवालात लिहिलं होतं, 'वाळूमुळे मोटार बसली आहे.' आमच्या घरी, गावात, मिस्त्रींच्या दुकानात, सगळीकडे तोच शब्द. पुण्याहून आलेल्या इंजिनिअर साहेबांनी तो अहवाल दहा जणांसमोर मोठ्याने वाचला आणि मला म्हणाले, "बसली का? मग चहा द्या तिला." सगळे हसले, मीही हसलो, न हसून सांगणार कुणाला? त्या संध्याकाळी मेन रोडवरून मी शब्दकोश आणला. त्यानंतर फोनवर कुणी 'मोटार बसली' म्हणालं की माझा हात वहीत 'रोटर जाम' लिहायचा. हजारो वेळा लिहिलं असेल. लोक त्यांच्या शब्दात बोलत, वही साहेबांच्या शब्दात भरत असे, आणि मधली उलथापालथ माझ्या डोक्यात इतकी सवयीने होई की ती होते हेच मी विसरलो. कानाला शब्द माहीत होता, लेखणीला त्याची लाज होती. मी मध्ये बसलेलो होतो तोवर ते खपून गेलं. मी उठलो, आणि यंत्राला मात्र माझी लेखणी दिली, कान दिला नाही. तू दोन्ही द्यायला निघाली होतीस. चौथीत असताना तू निबंधात 'आमचा मिक्सर बसला' असं लिहिलं होतंस आणि मी तुझ्याकडून 'मिक्सर नादुरुस्त झाला' हे दहा वेळा लिहून घेतलं होतं, याची तुझ्या आईने मला रविवारी आठवण करून दिली. मला ते खरंच आठवत नव्हतं. तुला आठवत असणार.

काल सकाळी मातोरीला गेलो. कागद बरोबर नेला. नवसाबाई आणि त्यांची जाऊ जांभळाखाली उरलेल्या दोन वाफ्यांतल्या काशा काढत होत्या, ओल्या गोणपाटावर मांडून. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाल्या, "म्हंजी तुम्हाला शब्द म्हाईत व्हता?" मी हो म्हणालो. "आन् पोरीनं बरोबर लिवला व्हता?" हो. "मंग खोडला कशापायी?" मी इंजिनिअरचं, चहाचं, सगळं सांगितलं. त्यांनी वर बघितलं. "त्यो हसला म्हणून माझी शेवंती गेली व्हय? पंचवीस वर्सांमागं कुणी तरी हसला म्हणून?" त्यांच्या जावेने पाणी आणून दिलं. निघताना नवसाबाई म्हणाल्या, "दिशाला बोलू नका आता काय. तिचा सायब कोण हाय त्याचा लंबर द्या, मी धाडते त्याला निरोप. हाय म्हणून." मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही मला कळलं नाही, आणि ते विचारण्याचा हक्क मला नाही. दोन वाफ्यांतून दोनशे काशा निघतील, त्यातल्या किती जगतील ते जूनमध्ये कळेल.

दुपारी सेंटरवर येऊन मी विक्रेत्यांच्या त्याच ग्रुपवर त्या पानाचा फोटो टाकला आणि लिहिलं: 'सात तारखेला मी ज्याला मराठी आणि मोटार येत नाही असं म्हटलं तो माणूस मी आहे. मूळ ओळ बरोबर होती. ती खोडणारा शेखर मंडलिक.' एका विक्रेत्याने लगेच उत्तर दिलं, 'शेखरराव, आता तुम्ही बसलात.' सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले. मी ते पुसायला सांगितलं नाही. सहज सांगतो, काउंटरवरच्या गिऱ्हाइकांनीही माझ्या मोबाइलवर वाचलं, आणि एका म्हाताऱ्याने मला विचारलं की मग आता निरोपात बसली म्हणायचं की नाही. मी म्हणालो, शुक्रवारनंतर विचारा.

आता हे पत्र कशासाठी ते. रविवारी ते पान घेऊन मी तुझ्या आईसमोर गेलो, तेव्हा तिला धक्का बसला नाही. तिला माहीत होतं. ती म्हणाली, दिशाकडे याची प्रत आहे, पहिल्या दिवसापासून आहे. चौकशीत विचारलं ही ओळ कुणी बदलली, तर तिने सांगितलं मी बदलली. आणि म्हणते, पप्पांचं नाव त्या कागदावर जाऊ द्यायचं नाही, त्यांच्याकडे तेवढंच आहे. दिशा, मी तुला इतकं कमी समजत होतो याची मला लाज वाटते, पण तुझं ते म्हणणं मला मान्य नाही. तू नाव घेणार नाहीस हे ओळखून ते मीच घेतोय. म्हणून इतक्या तारखा घातल्या, तुला ठाऊक असलेलं सगळं अनोळखी माणसाला कळेल असं लिहिलं, ओळीचा आकडा लिहिला. हे पत्र शुक्रवारी टेबलावर ठेव. जोडलेलं पाचवं पान मूळ आहे, तुला तेव्हा पाठवली होती ती प्रत नाही, तेही दे. पट्टीने मारलेली रेघ प्रतीत इतकी स्पष्ट दिसत नाही. पत्रातले घरचे परिच्छेद लपवू नकोस, साहेबांनी चहा पाजायला सांगितलेलाही नाही. ते हसले तर हसू देत. मी पहाटेच्या बसने निघतो, साडेदहाला तुमच्या कार्यालयाच्या दारात असेन. आत बोलावलं तर येऊन हेच सांगेन. नाही बोलावलं तर तू बाहेर येईपर्यंत थांबेन, आणि या वेळी तू बोल, मी ऐकतो.

तुझाच पप्पा,
शेखर कारभारी मंडलिक
(सही केली आहे. पूर्ण नावाची, आद्याक्षरांची नाही.)